उद्या हा पेपर याच गावात येणार आहे

नागपुरात पत्रकारितेचं रीतसर शिक्षण १९५२ पासून आहे. त्या साली हिस्लॉप कॉलेजात विभाग निघाला आणि सिराक्यूज विद्यापीठाचे रोलंड वोल्सली फुलब्राइट योजनेतून येऊन तिथे शिकवून गेले. तरी पुढची कित्येक वर्षं शहरातल्या दैनिकांत माणसं घडली ती डेस्कवरच. कॉपी लिहायची, मुख्य उपसंपादकाने ती लाल करून समोर टाकायची, न बोलता पुन्हा लिहायला बसायचं. मी त्या रांगेतला. एका दैनिकाच्या ग्रामीण डेस्कवर नोकरी काढली आणि आता निवृत्तीनंतर विद्यापीठातून येणाऱ्या मुलामुलींना त्याच डेस्कवर बसवायचं काम करतो.

नव्या शैक्षणिक धोरणाने पदव्युत्तर अभ्यासक्रमात ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आणलं, त्याला चार क्रेडिट दिले. हेतू चांगलाच आहे. पण पुष्कळ ठिकाणी होतं काय, तर मूल कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसतं, आलेल्या प्रेस नोटा उतरवून काढतं, चहा पितं आणि तासांच्या तक्त्यावर सही घेऊन घरी जातं. म्हणून आम्ही प्रशिक्षणाचे दोन भाग केले. पहिला नागपूरच्या न्यूजरूममध्ये. दुसरा बोदलकशाला राहून: रोज बातमी शोधायची, संध्याकाळच्या आत डेस्कला पाठवायची, डेस्कच्या शिव्या खायच्या आणि गोंदियाच्या पानावर ती छापून आणायची.

बोदलकसा तिरोडा तालुक्यात. १९१७ साली पुरा झालेला मातीचा बांध, भोवती जंगल, काठावर एमटीडीसीचं निवास. नागपूरकर तिथे शनिवार-रविवार घालवायला जातात. आम्ही जातो ते वेगळ्या कारणाने. एका अंगाला नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प, दुसऱ्या अंगाला धानाच्या बांध्या, तिरोड्याला ३,३०० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प, जवळच सुकडी-डाकरामचं महानुभावांचं तीर्थ आणि तलावातलं पाणी हेच शेत मानणारा ढिवर समाज. मोटारसायकलवर अर्धा दिवस फिरलं तरी चार-पाच बीट होतात. शिवाय गोंदिया जिल्हा याच नागपूर विद्यापीठाच्या हद्दीत आहे, आणि तरी नागपूरच्या बहुतेक मुलांनी तो विदर्भ एक्स्प्रेसच्या खिडकीतून पाहिलेला असतो.

तिथे शिकवताना जे हाती लागलं ते लिहून ठेवतोय. आकडे सोयीसाठी घातले आहेत.

१. प्रेस नोटेत कोण नाही, ते आधी शोधायचं

नागपुरात पहिलं काम देतो ते प्रेस नोट कापायचं. जिल्हा माहिती कार्यालयाकडून आलेली, दीड पानाची, ‘यांच्या शुभहस्ते’ने सुरू होणारी. ती शंभर शब्दांत बसवायची. मुलं हारतुरे आणि उपस्थितांची यादी छाटतात, शंभर शब्द करतात आणि विजयी मुद्रेने बघतात. मग मी विचारतो, नोटेतलं हे धान खरेदी केंद्र कोणासाठी उघडलं? शेतकऱ्यांसाठी. नोटेत शेतकरी कुठे आहे? शेवटच्या ओळीत, ‘मोठ्या संख्येने उपस्थित होते’ या शब्दांत.

हे नागपुरात सांगून अर्धंच कळतं. एका मुलाने धान खरेदी केंद्राच्या शुभारंभाची अशीच एक नोट डेस्कवर बसून झकास कापली होती. पुढच्या आठवड्यात तिरोडा तालुक्यातल्या एका केंद्रावर त्याला पाठवला. फीत कापलेली होती, फलक लागलेला होता, काटा बंद होता. ताडपत्रीखाली धानाचे ढीग आणि ढिगाशेजारी रात्री झोपणारी माणसं. त्याने तिथूनच बातमी पाठवली: केंद्र सुरू, काटा बंद. डेस्कने ती परत पाठवली. काटा बंद का? तो केंद्रचालकाकडे गेला. बारदाना नाही. बारदाना का नाही? गोदामच भरलंय, आणून ठेवणार कुठे. गोदाम का भरलंय? आधीचा धान भरडाईला उचलला गेला नाही. का? राइस मिलवाल्यांचा भरडाईच्या दरावरून सरकारशी वाद.

संध्याकाळपर्यंत त्या मुलाला ती सगळी साखळी कळली. खरेदी पणन महासंघाच्या किंवा आदिवासी विकास महामंडळाच्या नावाने होते, ती गावातली संस्था करते, धान गोदामात जातो, गोदामातून मिलला, मिलमधून तांदूळ सरकारला. एक टोक अडलं की दुसऱ्या टोकाला शेतकरी उघड्यावर झोपतो आणि चुकारे लांबतात. गोंदिया शहरातल्या मिलमालकांच्या बैठकीची जी बातमी आमच्या पानावर व्यापार म्हणून सिंगल कॉलम लागायची, ती या ढिगाचीच बातमी होती. ‘का’ हा प्रश्न पाचदा विचारायला कुठल्या पुस्तकात सांगितलंय ते मला ठाऊक नाही. बंद काट्यासमोर उभं राहिलं की तो आपोआप सुचतो.

२. छापलेलं, ज्याच्याविषयी छापलं तोच वाचतो

या सगळ्यातला माझ्या मते सर्वांत मोठा धडा हा, आणि तो नागपुरात शिकवता येत नाही.

गोंदियाचं पान आमच्याकडे शहराच्या पानाआधी कितीतरी सोडावं लागतं. छापलं की गठ्ठे गाडीत, गाडी भंडाऱ्यावरून, पहाटे तिरोड्यात. तिथून एजंट, पोरं, सायकली, मोटारसायकली. सकाळी चहाच्या टपरीवर आणि पानठेल्यावर एकच अंक दहा-बारा जण वाचतात, दोघं-तिघं मोठ्याने. ज्याची बातमी आहे तो माणूस त्या दहांत असतो, नसला तर त्याचा मेहुणा असतो. नागपूरच्या महाविद्यालयात मुलं ‘प्रोजेक्ट’ लिहितात तो प्राध्यापक वाचतात आणि गुण देतात. इथे गुण देणारा वेगळा.

म्हणून नियम केला: बातमी ज्या गावातून लिहिली, त्या गावात दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिणाऱ्यानेच अंक घेऊन जायचं. एका मुलीने ढिवर बायकांवर लिहिलं होतं. भाषा सुंदर, फोटो सुंदर, आणि वाक्य असं की या महिला पहाटे तलावात उतरून मासेमारी करतात. सकाळी अंक घेऊन गेली तर त्यातल्या एका वयस्क बाईने वाचून घेतलं आणि म्हणाली, “का वो पोरी, मासे का आमी मारतो? मारतेत ते मानसं. आमी बजारात विकतो.” बाकीच्या हसल्या. मुलगी रडकुंडीला आली. पण ती तिथून उठली नाही, हे तिचं मोठेपण. तीन तास बसली. मग कळलं की मच्छीमार संस्थेचं सभासदत्व पुरुषांच्या नावावर, त्यामुळे तलावाचा ठेका, हिशेब, वाटा हे सगळं पुरुषांकडे. बायका काठावर रोख पैसे मोजून मासळी उचलतात आणि बाजारात बसतात, नफातोटा त्यांचा. दुसऱ्या दिवशी आम्ही दुरुस्ती छापली आणि तिसऱ्या दिवशी ही दुसरी बातमी. पहिलीपेक्षा भाषा खडबडीत होती आणि बातमी कितीतरी चांगली होती.

तलावांबद्दल लिहिणाऱ्या प्रत्येक तुकडीला मी अर्जुनी-मोरगाव तालुक्यातलं काम वाचायला देतो. मनीष राजनकर आणि तिथल्या ढिवर मंडळींनी बेशरमची झुडपं उपटून काढून जुन्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत देशी पाणवनस्पती परत लावल्या, मासळी वाढवली. त्यात कुठली वनस्पती कुठल्या माशाला लागते हे ज्ञान गावकऱ्यांचं आहे. ते वाचल्यावर मुलं तलावाच्या काठावर ‘निसर्गरम्य’ हा शब्द जरा जपून वापरतात.

मुकुंदराव पाटलांनी १९१० साली सोमठाण्यासारख्या खेड्यात ‘दीनमित्र’ सुरू केला आणि तो खेड्यातूनच चालवला. वाचक आणि विषय एकाच वेशीच्या आत असताना लिहिण्याला जी धार आणि जी जबाबदारी येते, ती त्या माणसाने आयुष्यभर सांभाळली. आपण मात्र ‘ग्रामीण वार्तांकन’ हा विषय शहरात बसून, शहराला वाचायला, असा शिकवतो.

३. नाव गाळलं म्हणजे माणूस लपला, असं होत नाही

लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख छापायची नाही, हे मुलांना तोंडपाठ असतं. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२, पूर्वीचं भारतीय दंड संहितेचं २२८-अ. मूल असेल तर पोक्सोचं कलम २३. परीक्षेत पूर्ण गुण. मग कॉपी येते: नाव नाही, पण गावाचं नाव आहे, आश्रमशाळेत आठवीत शिकते असं आहे, वडील ट्रॅक्टर चालवतात असं आहे. नागपुरात हे वाचून कोणालाही काही कळणार नाही. त्या गावात ट्रॅक्टर चालवणारे आणि आठवीत मुलगी असलेले किती?

आम्ही ढोबळ हिशेब धरतो. ही ओळ वाचून गावात किती माणसं त्यात बसतात ते मनात मोजायचं. दहाच्या खाली गेलं तर ओळ काढायची, मग बातमी कितीही बोडकी दिसो. आरोपी नातेवाईक असेल तर नातंही काढावं लागतं, कारण आरोपीचं नाव आणि नातं एकत्र छापलं की मुलीचं नाव वेगळं छापायची गरजच उरत नाही. एका हुशार मुलाने विचारलं, “सर, मग बातमीत उरलं काय?” उरलं ते असं की गुन्हा कधी नोंदवला, किती दिवस उशीर झाला, ठाण्यात महिला अधिकारी होती का, वैद्यकीय तपासणी कुठे झाली. म्हणजे जिथे यंत्रणेला जाब विचारायचा ते सगळं उरलं.

४. पहिल्या दिवसाची बातमी जपून ठेवायची

वैनगंगेच्या पलीकडे, भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यात खैरलांजी आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी तिथे भोतमांगे या दलित कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे मारले गेले. भैयालाल भोतमांगे तेवढे वाचले. आज हे नाव देशाला ठाऊक आहे. मी मुलांसमोर दोन गठ्ठे ठेवतो: माझ्याकडची पहिल्या दिवसांतली कात्रणं आणि नोव्हेंबरमधली, मोर्चे निघाल्यानंतरची. पहिल्या गठ्ठ्यात बातम्या लहान. कारण म्हणून अनैतिक संबंधांची कुजबुज. जातीचा उल्लेख शोधावा लागतो. दुसऱ्या गठ्ठ्यात सगळा महाराष्ट्र पेटलेला.

मग रंगीत पेन्सिली देतो. पहिल्या गठ्ठ्यातलं प्रत्येक वाक्य कोणी सांगितलं, ते रंगाने दाखवायचं. पोलीस निळा, गावकरी पिवळा, वाचलेला माणूस लाल. पाने निळी-पिवळी होतात. यावर मी काही बोलत नाही. एका वर्षी एक मुलगी म्हणाली की बातमीदार गावात गेला असेल, पण त्याने वस्तीच्या एकाच बाजूला गाडी लावली. मला यापेक्षा नेमकं सांगता आलं नसतं.

भंडाऱ्याच्या न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जुलै २०१० मध्ये फाशीऐवजी पंचवीस वर्षांची कैद ठरवली. अॅट्रॉसिटी कायदा दोन्ही न्यायालयांत लागू झाला नाही. हे निकालही आम्ही वाचतो, कारण मुलांना वाटतं बातमी मोर्चापाशी संपते. मला विचाराल तर पत्रकारितेच्या कुठल्याही अभ्यासक्रमात ‘नीतिमत्ता’ या नावाचा वेगळा पेपर ठेवण्यापेक्षा विदर्भात ही दोन गठ्ठ्यांची कसरत सक्तीची करावी.

५. वाघाला नाव असतं, बाईला नसतं

नागझिऱ्यातून उमरेड-कऱ्हांडल्याला गेलेला ‘जय’ एप्रिल २०१६ नंतर दिसला नाही, तर कित्येक महिने त्याच्यावर कॉलमच्या कॉलम लिहिले गेले. लिहावंतच, एवढा मोठा वाघ नाहीसा होतो ही बातमी आहे. पण मार्च-एप्रिलात मोहफुलं वेचायला पहाटे जंगलात गेलेल्या आणि परत न आलेल्या बाईची बातमी येते ती ‘वाघाच्या हल्ल्यात महिला ठार’ एवढीच. तिचं नाव तिसऱ्या ओळीत, वय कंसात.

वाघाच्या बातमीसाठी मुलांना काही प्रश्न ठरवून दिले आहेत. जागा कुठली: कोअर, बफर, की महसुलाची जमीन? ती तिथे काय करत होती, आणि त्या कामाचे दिवसाला किती मिळतात? पंचनामा कोणी केला? मदतीची पहिली रक्कम घरी कधी पोचली? यातला शेवटचा प्रश्न पहिल्या दिवशी विचारता येत नाही, त्यासाठी पंधरा दिवसांनी परत जावं लागतं. परत जाणारा बातमीदार गावाला वेगळा दिसतो, हेही तेव्हाच कळतं. व्हॉट्सअॅपवर फिरणारा वाघाचा व्हिडिओ कुठला आहे हे वनरक्षकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हे तर सांगावंही लागू नये. लागतं.

६. म्हाइंभटांकडून शिकावं

सुकडी-डाकराम बोदलकशाहून जवळ. चक्रधर स्वामींचं ठिकाण म्हणून चैत्र पौर्णिमेला मोठी यात्रा भरते. मुलांना तिथे नेतो तेव्हा देवळाआधी म्हाइंभटांबद्दल बोलतो. तेराव्या शतकात चक्रधर निघून गेल्यावर या माणसाने स्वामींच्या सहवासातल्या माणसांना गाठून गाठून आठवणी गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून त्या पडताळून घेतल्या आणि लीळाचरित्र उभं केलं. कोणी सांगितलं, ते तिथे हजर होते का, दुसऱ्याची आठवण वेगळी आहे का, हे सगळं त्या परंपरेने जपलं. मराठी गद्याची सुरुवात अशी साक्षी तपासण्यातून झाली आहे. वहीत प्रत्येक वाक्यासमोर सांगणाऱ्याचं नाव लिहायला मुलं कंटाळतात, तेव्हा मला हे उपयोगी पडतं.

७. तालुका प्रतिनिधीबरोबर एक दिवस काढा, आणि त्याचा हिशेब विचारा

विद्यापीठात माध्यमांचं अर्थकारण शिकवतात. मोठमोठ्या कंपन्या, मालकी, जागतिक भांडवल. ज्याच्या जिवावर जिल्ह्याचं पान भरतं त्या माणसाचं अर्थकारण कोणी शिकवत नाही.

तालुका प्रतिनिधी हे पद ऐकायला भारदस्त आहे. पुष्कळांचं मानधन नाममात्र, काहींना तेही नाही. मिळकत जाहिरातींच्या कमिशनवर: १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, दिवाळी, आणि नेत्याचा वाढदिवस. अंकाची एजन्सी तोच चालवतो, त्यामुळे वसुलीही त्याचीच. जोडीला विमा, झेरॉक्सचं दुकान, नाहीतर दोन एकर शेती. एका मुलाला मी अशा एका प्रतिनिधीच्या मोटारसायकलवर दिवसभर बसवला. पहाटे गठ्ठे सोडणं, मग एका अपघाताची जागा, तहसील कार्यालय, दोन ठिकाणी जाहिरातीचे थकलेले पैसे मागणं, दुपारी घरी धानाच्या परह्याला पाणी, संध्याकाळी मोबाइलवर बोटाने टाइप केलेल्या चार बातम्या. त्यातली एक, त्याच दुपारी ज्याच्याकडे जाहिरातीचे पैसे मागितले त्याच्या संस्थेविषयीची.

मुलगा रात्री म्हणाला, “सर, हा माणूस विरोधात लिहिणार कसा?” प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर सोपं नाही. काही जण लिहीतच नाहीत. काही जण बातमी शेजारच्या तालुक्यातल्या मित्राला देतात, बदल्यात त्याची अडलेली बातमी स्वतःच्या नावाने पाठवतात. काही जण डेस्कला फोन करतात, “भाऊ, माझं नाव टाकू नका,” आणि मग बातमीवर फक्त ‘प्रतिनिधी’ छापलं जातं. ग्रामीण डेस्कवर असताना अशा बिननावाच्या बातम्यांची किंमत मला ठाऊक झाली होती. नागपुरातले आम्ही लोक या माणसांना स्ट्रिंगर म्हणत हसतो, त्यांच्या शुद्धलेखनाच्या गमती सांगतो. ज्या दिवशी त्यांनी लिहिणं थांबवलं त्या दिवशी जिल्ह्याच्या पानावर फक्त प्रेस नोटा उरतील.

माझं मत विचाराल तर विद्यापीठाने चार क्रेडिटांचं प्रशिक्षण द्यायला दैनिकांच्या मुख्यालयांशी करार करण्यापेक्षा अशा चाळीस-पन्नास तालुका प्रतिनिधींना मानधन देऊन शिक्षक म्हणून नेमावं. खर्च फारसा नाही. कागदपत्रांत बसत नाही एवढीच अडचण, कारण त्यांतले बरेच जण पदव्युत्तर नाहीत.

८. आकडा कोणाचा, ते आकड्याच्या आधी

महाराष्ट्रात सारस पक्षी उरला आहे तो मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात. तो बांधीत घरटं करतो, त्यामुळे त्याचं जगणं शेतकऱ्याच्या हाती. ‘सेवा’ संस्थेचे कार्यकर्ते आणि वन विभाग मिळून त्याची गणना करतात. वैनगंगा आणि बाघ नदीच्या पलीकडे मध्य प्रदेशातल्या बालाघाटलाही मोजणी होते. मुलांच्या कॉपीत या तिन्ही जिल्ह्यांचे आकडे एकमेकांत मिसळतात, आणि मग एका वर्षात सारस वाढले की घटले हेच उलटं होतं.

हे बारीक का पाहायचं? २०२१ साली सारसांच्या घटत्या संख्येविषयी वृत्तपत्रात आलं त्याची मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि ती जनहित याचिका झाली. जिल्हाधिकाऱ्यांच्या समित्या, शेतातल्या विजेच्या तारा, कीटकनाशकं, पाणथळ जागा, सगळं त्या याचिकेत आलं. आपण छापलेला आकडा न्यायालयात वाचला जाऊ शकतो, हे ऐकल्यावर मुलं कॅल्क्युलेटर काढतात. भीतीने का होईना.

९. गुळगुळीत कॉपी

अलीकडे काही मुलं चॅटजीपीटीकडून बातमी लिहून आणतात. ओळखायला वेळ लागत नाही. शुद्धलेखन चोख, परिच्छेद समान, आणि माणसाचं नाव एकही नाही. मी रागावत नाही. केंद्रावर पाठवतो आणि काट्यावर आज कोणाचा धान होता एवढं विचारून ये म्हणतो.

भाषेचं मात्र सांगायला हवं. गोंदियात एकाच घरात पोवारी, हिंदी आणि मराठी चालते, जंगलाकडच्या गावांत गोंडी. मुलाखत ज्या भाषेत झाली त्या भाषेतच वहीत उतरवायची, मराठी नंतर करायचं. नागपूरच्या हिंदी भाषक मुलांना इथे एकदम मोल येतं. वर्गात मागच्या बाकावर बसणारी त्यातली काही बोदलकशाला सगळ्यांच्या पुढे निघून गेली.

१०. दवाखान्याच्या दारात काय विचारायचं

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात अर्भकांच्या कक्षाला आग लागली, दहा बाळं गेली. त्या दिवशीचं टीव्हीवरचं चित्रण मी मुलांना आवाज बंद करून दाखवतो. आयांच्या तोंडासमोर किती बूम आहेत ते मोजायला सांगतो आणि मग विचारतो, यातले किती अग्निसुरक्षेची तपासणी शेवटची कधी झाली हे विचारायला कार्यालयाकडे वळले असतील? यावर अर्ध्या तासाहून जास्त बोलायची गरज पडत नाही.

११. तुकडी कधी न्यायची

यावरून दरवर्षी विद्यापीठाशी माझं वाजतं. त्यांना डिसेंबर-जानेवारी सोयीचा: हवा छान, तलावावर पाहुणे पक्षी, मुलं खूश, पालक निर्धास्त. नोव्हेंबरात नेलं तर धान आणि काटा मिळतो. जुलैत नेलं तर रोवणी मिळते, पण रस्ते आणि रेंज दोन्ही जातात. या वर्षी मी मे महिना मागतोय. तेंदूपत्त्याचे ते मोजके दिवस असतात. पहाटे अंधारात घरची सगळी माणसं जंगलात, दुपारी पुडे बांधणं, संध्याकाळी फळीवर मोजणी. वनहक्क कायद्यानंतर जिल्ह्यातल्या काही ग्रामसभा पत्ता स्वतः विकतात, लिलाव स्वतः करतात, आणि त्यांचे हिशेब भिंतीवर लिहिलेले असतात. वही घेऊन कोणीही वाचावेत. विभागप्रमुखांचं म्हणणं, ऊन फार असतं आणि त्याच सुमारास परीक्षा. परीक्षा आठ दिवस पुढे ढकलायचा अर्ज मी दिला आहे. उन्हासाठी टोपी आणि कांदा सोबत ठेवा असं मुलांना सांगून ठेवलंय.